पदरावर टोपी

आमच्या गावात जेठ घरात येताना खाकरतो. उंबऱ्याबाहेर उभं राहून एकदा खाकरायचं, घटकाभर थांबायचं, मंग आत पाय टाकायचा. तेवढ्यात घरातली वहू, म्हनजे सून, डोक्यावर पदर घेते, आन तिचं काई बोलनं चालू असंल तं ते जागच्या जागी थांबवते. जेठ म्हनजे नवऱ्याचा मोठा भाऊ, मंग सख्खा असो का चुलत. वहू त्याच्यासमोर तोंड उघडत नही. मी बी उघडलं नही. माझा जेठ जायच्या वक्ताले त्याच्या तोंडात पानी मीच घातलं, पन तव्हा बी मुकीच व्हती. हे कोनी शिकवलं ते आठवत नही. चालायले जसं शिकलो तसं हे बी शिकलो.

गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. घरामागं बरड, बरडामागं साग, सागामागं डोंगर. डोंगर मी लय चढली, पन पाह्याले म्हनून कव्हाच चढली नही. मोळीसाठी चढली, मोहाच्या फुलासाठी चढली, टेंभुर्नीच्या पानासाठी चढली. जाताना हातात इळा-दोरी आन येताना डोक्यावर ओझं. ओझं असलं का मान हालत नही, डोळे पायाजवळच ऱ्हायतात. म्हनून वरून खाली काय दिसतं ते मले मोठी म्हातारी होईस्तोवर ठावं नव्हतं.

आता शहरातले लोक येतात. नाल्याच्या कडेला मोकळी जागा शे, तठं जंगलखात्यानं तंबू टाकले. लोक घरचा पलंग सोडून तंबूत झोपतात, थंडीत कुडकुडतात आन सकाळी उठून एकमेकाले विचारतात, झोप लागली का. दुर्बिनी घेऊन पाखरं पाह्यतात, धबधब्याखाली बसतात, डोंगरावर चढून सूर्य उगवायची वाट पाह्यतात. सूर्य तं खाली बी उगवतो. पयले मले हसू येई. मंग एक दिवस त्यातल्या एका बाईले मी तंबूतून निघताना पाह्यलं. तिनं दोन्ही हात वर करून आळस दिला आन नुसती उभी राह्यली, डोंगराकडं पाहत. तिले कुठं जायचं नव्हतं. तव्हापासून हसनं सोडलं.

मी बी तंबूत झोपेल शे. आम्ही त्याले पाल म्हनतो. उसाच्या फडाकडंला, गुजरातकडं. दिवाळी झाली का मुकादमाची गाडी येई आन अर्धं गाव भरून नेई. मी न् माझा मालक, दोघांचा मिळून एक कोयता. बाई नसली तं कोयता धरत नही, जोडी लागते. तो तोडे, मी मोळ्या बांधे. माझा पोरगा तिकडंच झाला. दुपारपर्यंत मोळ्या बांधल्या, मंग पोटात कळा निघाल्या, शेजारच्या पालातल्या बाईनं नाळ कापली. चार-सहा दिवसांनी पोराले साडीच्या झोळीत टांगलं आन पुन्हा मोळ्या बांधायले उभी राह्यली. रडनं आलं नही. सगळ्याच बायांचं तसंच व्हतं, मंग कोनापुढं रडनार.

माझा मालक गेला, पोरगा मोठा झाला, त्याचं लगीन झालं, आन मंग पोरगा न् सून तसेच दिवाळी झाली का गाडीत बसून जायले लागले. दोन सालामागं नातीले बी संगं नेलं, ती मायशिवाय ऱ्हाये ना. गेली तव्हा गुटगुटीत व्हती. आली तव्हा गळ्याची शीर दिसे. पालात धूर, बाहेर दंव, पोर खोकून खोकून निजे ना. सून घरी आली, पोरीले माझ्या मांडीवर टाकलं आन चुलीपाशी जाऊन बसली. मीच म्हनली, "आते बस्स झालं. यंदा नही जावानं." म्हनली खरी, पन नही जायचं तं खायचं काय, हे मले बी ठावं नव्हतं.

त्याच पावसाळ्यात जंगलखात्याचा गार्डसाहेब गावात आला. पाव्हन्यांले डोंगरावर नेऊन आनायले बाया पायजेत म्हने. वाट दाखवायची, झाडं-पाखरं सांगायची, संभाळून खाली आनायचं. माझी सून मूळची वरच्या पाड्यावरची, डोंगरातच वाढेल. ती शिकायले गेली. दोन-तीन जागी फिरवून आनलं त्याहिले. गार्डसाहेब मले भेटला तं म्हने, "आजी, तुमची सून फार छान बोलते." मले वाटलं दुसऱ्या कोनाच्या सुनेचं सांगतो. घरात तं ती हो का नही एवढंच बोले.

साहेब म्हने, खरे पाव्हने घेऊन एकदा डोंगर चढवून आना, मी संगं येतो, नीट झालं तं काम पक्कं. तो दिवस दिवाळीनंतर ठरला. आन मुकादमाची गाडी त्याच्या पुढच्या आठवडी बाजारानंतर येनार व्हती. म्हनजे त्या सकाळवर बठ्ठं ठरनार व्हतं. पोर माझ्यापाशी ऱ्हाते का पुन्हा पालात जाते, ते.

आम्ही काय काय नही पाह्यलं. खात्यानं टोपी देल व्हती, ती धुतली. बूट नवे व्हते, पाय दुखू नये म्हनून सून आठ दिवस घरात बूट घालून भाकरी थापे. पाव्हन्यांसाठी आदल्या सांजले मी भरीत केलं. कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगे भाजले, लाकडाच्या बडगीत ठेचले, वरून कांद्याची पात न् कच्चं तेल. पाव्हने बोटं चाटत व्हते. एक निवृत्त मास्तर व्हते पिंप्राळ्याचे, त्यांची बायको, आन कालेजातल्या तीन-चार पोरी, गळ्यात ह्या एवढाल्या क्यामेऱ्यावाल्या. मास्तरीनबाई म्हने, "आजी, उद्या तुम्ही पण चला वर." मी म्हनली, "मी नाल्यापर्यंत येते. पुढं माझे गुडघे मले विचारतात, कुठं चालली."

बठ्ठं पाह्यलं. एक गोष्ट मातर कोनाच्याच ध्यानात आली नही.

सकाळी उजाडता उजाडता पाव्हने तयार झाले. सून पुढं उभी, टोपी घालून, पायात बूट, खांद्याले पान्याची पिशवी. मले ती जरा वेगळीच दिसली, कोनी पाव्हनी वाटावी तशी. गार्डसाहेब म्हने, "चला, ताई, सुरू करा." तिनं तोंड उघडलं. आन मागच्या सागाआडून खाकरल्याचा आवाज आला.

माझा पुतन्या. माझ्या जेठाचा पोरगा, म्हनजे सुनेचा चुलत जेठ. गावच्या जंगल समितीचा अध्यक्ष तोच, त्याले संगं यायलेच पायजे व्हतं. त्याची माय तो लहान असताना गेली, मीच त्याले कडेवर वाढवला. मानूस सोन्यासारखा. तो आपला सवयीनं खाकरला आन सवयीनं थांबला.

सुनेनं टोपी काढली, डोक्यावर पदर घेतला, पदरावर टोपी ठेवली आन मुकी झाली.

"ताई, बोला ना," गार्डसाहेब म्हने. तो दोंडाईच्याकडचा, त्याले काई नवीन नव्हतं हे, पन त्याच्या बी डोक्यात शिरलं नही. सून सरकत माझ्यापाशी आली आन कानाशी लागली. "माय, जेठजी शेतस ना मांगे. कशी बोलू?"

मी साहेबाले म्हनली, "तिचा घसा बसला."

"कालपर्यंत तर ठीक होता."

"रातचं दंव लागलं."

साहेबानं मागं पाह्यलं, अध्यक्षाकडं पाह्यलं, तिच्या पदराकडं पाह्यलं. तव्हा त्याले कळलं. "अहो आजी, हे काय लग्नघर आहे का?"

मास्तरीनबाई पुढं झाली. "काय हरकत आहे? त्या तुमच्या कानात सांगतील, तुम्ही आम्हाला सांगा. तसंही तुम्ही आमच्याबरोबर यायलाच हवं होतं."

असं मी त्या दिवशी डोंगर चढायले लागली. रिकाम्या डोक्यानं, जन्मात पयल्यांदा. मानेले कळेच ना कुठं पाह्यचं ते.

सून माझ्या कानात बोले, मी पाव्हन्यांले सांगे. ही सालई, हिच्या डिंकाचा धूप करतात. हा अंजन, याचं लाकूड पान्यात बुडतं. नाल्यापाशी आलो तं ती लय लांबलचक कायतरी बोलली. मी पाव्हन्यांले म्हनली, "पाय पाहून टाका."

एक पोरगी म्हने, "एवढंच? त्या तर केवढं तरी बोलल्या."

"बाकीचं कामाचं नव्हतं," मी म्हनली. पोरी हसल्या. पदराच्या आत सून बी हसली, मले खांद्याले कळलं. मागून पुतन्याचा आवाज आला, "काकू, मांगना लोकेस्ले ऐकू येत नही, जोरबन सांग." मले वाटलं, बरं चाललं. असंच वर जाऊ आन असंच खाली येऊ.

मंग सुनेनं एकदम माझा दंड दाबला. एका वाळल्या सागाकडं पाहत तिनं कानात सांगितलं, पिंगळा. त्या पोरी त्याच्यासाठीच एवढ्या दूर आल्या व्हत्या. दिवसा दिसनारा हा पिंगळा लय थोड्या जागी राह्यलाय म्हने. आम्हाले त्याचं काई नवल नव्हतं, पन त्याहिले व्हतं. मी विचारलं, "कुठं?" ती म्हनली, त्या फांदीवर. मी विचारलं, "कोनती फांदी?" ती कानात सांगेस्तोवर, मी वळून सांगेस्तोवर, पोरी क्यामेरा उचलेस्तोवर पाखरू उडालं. सगळ्यांले फकस्त हालती फांदी दिसली.

पोरींनी कुरकुर केली नही. चांगल्या घरच्या व्हत्या. पन त्याहिचे चेहरे पडले. गार्डसाहेब माझ्याजवळ आला, हळूच बोलला, पन सुनेले ऐकू जाईल असंच. "आजी, पाखराचं जाऊ द्या. उद्या वर कड्यापाशी कोणाचा पाय घसरला, तर ताई तुमच्या कानात सांगणार का? मी असं कसं पक्कं करू, तुम्हीच सांगा."

माझ्या डोळ्यापुढं मुकादमाची गाडी आली. गाडीत मागं बसेल माझी नात दिसली. सुनेच्या डोळ्यात बी तेच असंल, ती खाली पाहत व्हती. पुतन्या मागं व्हता, त्याचा चेहरा मले दिसला नही.

तसेच चढलो. अर्ध्या वाटेवर एक मोठा दगड शे, बाईच्या खांद्याएवढा उंच, वरून सपाट. आम्ही त्याले विसावा म्हनतो. मोळीवाल्या बाया त्याच्याकडं पाठ करून उभ्या ऱ्हायत आन डोक्यावरची मोळी मागं सरकवून त्याच्यावर टेकवत. खाली टाकली तं पुन्हा उचलून द्यायले दुसरं मानूस लागे. विसाव्यावर टेकवली तं एकटीले उचलता येई. माझ्या सासूनं मले तो दगड दाखवला व्हता. मी तठं पोचली आन काई कळायच्या आत मागं वळली, दगडाले पाठ लावली, दोन्ही हात डोक्यावर नेले. डोक्यावर काईच नव्हतं.

मास्तरीनबाईनं पाह्यलं. तिनं माझे हात धरून खाली घेतले आन मले बाजूच्या लहान दगडावर बसवलं. बसल्यावर कळलं का आता उठनं नही. गुडघे सुजून आले व्हते.

"माझ्यानं पुढं व्हनार नही," मी म्हनली.

सगळे थांबले. वरची वाट विसाव्याच्या मागून वळून जाते, वळल्यावर कडा लागतो आन मंग माथा. सून माझ्याकडं पाहत राह्यली. तिचं तोंड म्हनजे मी, ते तठं खाली बसलं व्हतं, आन तिले वर जायचं व्हतं. गार्डसाहेब घड्याळ पाहत व्हता.

मंग पुतन्या मागून आला. आला तो सुनेकडं न पाह्यता सरळ माझ्याजवळ येऊन बसला आन पाय मांडीवर घेतला.

"काकू, मना पायमा काटा भरना."

मी त्याच्या पायाकडं पाह्यलं. खात्याचे जाडजूड बूट. "बूट शेतस ना पायमा?"

"बूटमाच भरना," तो म्हने. मंग साहेबाले म्हने, "साहेब, तुम्ही व्हा पुढं. मी काकूजवळ बसतो. काटा काढायला वेळ लागेल मला."

साहेब त्याच्याकडं पाहत राह्यला. हसला नही, पन मिशी हालली. "काढा सावकाश," म्हने.

सून जागची हालली नही. मी तिले हातानं केलं, जाय. ती चालायले लागली. पाव्हने तिच्या मागं, साहेब सगळ्यात मागं. वळनाआड गेले. पयले नुसते पाय वाजले. मंग काईच नही. माझा जीव कानात आला. पुतन्या बुटाची लेस सोडत व्हता, लेसही सुटे ना त्याची.

आन वरून आवाज आला. "थांबा. सगळे थांबा. इथून एकामागं एक यायचं. डावा हात दगडाले लावून ठेवा. मावशी, तुम्ही माझा हात धरा. खाली पाहू नका, माझ्याकडं पाहा."

मोठा आवाज, खनखनीत. डोंगरावर आपटून खाली येई. तिच्या माहेरच्या पाड्यावर असंच बोलतात, एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीले हाका मारतात. माझ्या घरात इतके साल तो आवाज राह्यला, आन मले ठावाच नव्हता.

पुतन्याचे हात थांबले व्हते. "अशी बोलस का ती?"

"मीबी पह्यलांदाच ऐकस. आन तू काबर ऐकी राह्यना? तुले तं काटा भरेल शे."

"काटा पायमा शे, कानमा नही," तो म्हने.

आम्ही दोघं ऐकत बसलो. ती काय काय सांगत व्हती. पानझडीत डोंगर कसा दिसतो, खाली चांदीच्या तारीसारखी दिसते ती कोनती नदी, आमचं गाव कुठं. मधीच हसली बी, पोरी बी हसल्या. पुतन्यानं बूट काढून बाजूले ठेवला. आत काई नव्हतं, तरी तो तळव्यावरून अंगठा फिरवत ऱ्हायला.

"काकू," तो म्हने, "मना बापनी तुना आवाज कव्हाच नही ऐका?"

"नही."

"मरापर्यंत?"

"मरापर्यंत."

त्याचा तळव्यावरचा अंगठा थांबला. मले बी वाईट वाटून सांगायचं नव्हतं, तसं व्हतं म्हनून सांगितलं. माझा जेठ बी चांगलाच मानूस व्हता. आजारपनात पानी पायजे असलं तं नुसता तांब्याकडं पाहे, मी देई. त्याले कव्हातरी वाटलं असंल का, ही बोलली असती तं बरं झालं असतं. कोनाले ठावं.

ऊन विसाव्यावर आलं तव्हा वरून उतरायचे पाय वाजले. पुतन्यानं घाईनं बूट चढवला, उभा राह्यला आन सवयीनं खाकरला. वरचा आवाज अर्ध्या शब्दावर तुटला. तो ओशाळला. माझ्याकडं पाह्यलं, डोकं खाजवलं, आन मंग पाठ फिरवून झपाझपा खाली उतरून गेला. थोड्या वेळानं वरचा आवाज पुन्हा सुरू झाला. तुटलेला शब्द पुरा करून.

पाव्हने आले. मास्तरीनबाईच्या साडीले कुसळं लागली व्हती, तोंड लाल झालं व्हतं, आन पोरीवानी चालत व्हती. पोरींले पिंगळा दिसला नव्हता, पन मोर दिसले म्हने. गार्डसाहेब माझ्यासमोर उभा राह्यला. "आजी, पुढच्या रविवारी अजून एक गट आहे. ताईंना सांगा."

"ती उभी शे ना बाजूले," मी म्हनली. "तिलेच सांगा."

मले खाली आनायले मातर दोन पोरी लागल्या. एकीनं इकडून धरलं, एकीनं तिकडून. वाटेत एका जागी त्याहिनी मले थांबवलं आन म्हनल्या, आजी, इथून बघा. मी मान वर केली. खाली नाला, नाल्याकडंले तंबू, मंग केळीचे हिरवे पट्टे, मंग आमचं गाव, आन माझ्या घरावरचा धूर. पोरगा उठला असंल, नातीसाठी पानी तापवत असंल. एवढ्या साली मी त्या जागेवरून ओझं घेऊन गेली. मी मन भरेस्तोवर पाह्यलं. पोरींनी घाई केली नही.

गाडी आली तव्हा पोरानं मुकादमाले सांगितलं, यंदा आमची जोडी नही. मुकादम काईबाही बोलला, पोरानं ऐकून घेतलं. आता तो जामनेरकडं कापसाच्या गाड्या भरायले जातो, आठ-पंधरा दिवसांनी घरी चक्कर मारतो. सोपं काम नही, पन पोरीले पालात नेनं नही. ती माझ्याजवळ झोपते. लाथा मारते रातभर.

पदर तसाच शे. सून अजून जेठासमोर बोलत नही, मी बी तिले बोल म्हनत नही. पाव्हन्यांचा गट मोठा असला तं पुतन्याले संगं जावं लागतं. तव्हा तो सगळ्यात मागं, एक वळन राखून चालतो. वळनापाशी आला का उभा ऱ्हातो, खाकरतो आन थांबतो. पुढं सून आपलं बोलनं पुरं करते, कोनी काई विचारलं तं त्याचं उत्तर देते, मंग पदर घेते, पदरावर टोपी ठेवते. मंग तो वळतो.

मास्तरीनबाई यंदा पुन्हा आल्या. येताना पुतन्यासाठी जेष्ठमध घेऊन आल्या. म्हने, "भाऊ, तुमचा खोकला काही गेलेला दिसत नाही. हे चघळत जा." त्यानं दोन्ही हातानं घेतलं, खिशात ठेवलं, आन पुढच्या वळनावर पुन्हा खाकरला.